साळिंदराची सुई

माणसाला शिवण अजून यायची होती, त्या काळातली गोष्ट. ओढ्याकाठच्या उंबरावर शिंपी पक्ष्यांचा कारखाना होता. पानं शिवून ते रानातल्या पाखरांना घरटी करून देत. सुया मात्र साळिंदराच्या. दर हंगामाला टोपलीभर उंबरं द्यायची आणि एक सुई एकाच चोचीने वापरायची, ही त्याची अट.

रंगू शिंपिणीने एकदा बाभळीचा काटा आणला. पान झकास शिवलं जात होतं, आणि असे काटे बाभळीखाली हवे तेवढे पडले होते. तिने तो कारखान्याच्या अप्पांना दाखवला.

"फुकटचा आहे," अप्पा म्हणाले. "उद्या मोडला तर तक्रार कोणाकडे करायची? बाभळीकडे?"

रंगूला उत्तर सुचलं होतं, पण अप्पांपुढे बोलायची तिथे रीत नव्हती.

ऐन विणीच्या दिवसांत साळिंदराच्या सगळ्या सुया मोडल्या. अंड्यावर आलेल्या पक्षिणी फांदीवर ताटकळत होत्या. अप्पा तक्रार घेऊन बिळाशी गेले. "तक्रार पोचली, थांबा," असा आतून आवाज आला. अप्पा तीन दिवस थांबले.

इकडे रंगूने कोणालाही न विचारता काटे वाटले आणि घरटी शिवून झाली.

चौथ्या दिवशी अप्पा परतले. शिवण ओढून पाहिली, रंगूच्या चोचीतला पांढराशुभ्र काटा निरखला आणि समाधानाने मान डोलावली.

"नव्या सुया जुन्यांपेक्षा बऱ्या आहेत. तक्रार करायला कोणीतरी लागतं, ते यासाठी," ते म्हणाले, आणि साळिंदराला यंदा दोन टोपल्या पाठवायला सांगितल्या.