मायबापाने उचलायचं ओझं

दुष्काळातही मामलेदाराने धान्याचं कोठार उघडलं नाही. उलट "मला मायबाप म्हणा, नाहीतर फटके खा," असा हुकूम सोडला.

सगुणा कोष्टीण तान्ही लेक पदराखाली घेऊन भरल्या कचेरीत आली.

"मायबाप म्हण आधी!" मामलेदार गुरकावला.

"मायबाप, धान्य काल मागितलं होतं. आज नको." तिने पदर बाजूला सारला. लेक थंडगार पडली होती. "लहान लेकराला तिरडी नसते, बापच हातावर नेतो. हिचा बाप भुकेने गेला. आता मायबाप तुम्हीच. उठा, हात पुढे करा."

मामलेदार मागे सरकला. "दूर हो! मी हिचा कोण?"

सगुणा लोकांकडे वळली. "ऐकलंत? आता फटक्यांना भिऊ नका. हे आपले कोणी नाहीत, हे त्यांच्याच तोंडचं आहे."

आणि लेकीला हातावर घेऊन तिनेच मसणाची वाट धरली.