चार महिन्यांच्या टांकसाळीचं नाणं

घाटाखालच्या एका पेठेत त्र्यंबकशेठ नावाचा कासार राहत होता. दिवसभर तांब्यापितळेची भांडी विकायची आणि सवड मिळाली की जुनी नाणी हुडकायची, हा त्याचा क्रम. त्यातही स्वारीची तऱ्हा न्यारी. मोठ्या राजांच्या मोठ्या टांकसाळींकडे तो ढुंकूनही बघत नसे. ज्या टांकसाळी उघडल्या आणि वर्षाच्या आत बंद पडल्या, त्यांचीच नाणी त्याला हवी असत. "मोठ्यांची आठवण सगळेच ठेवतात. या बिचाऱ्यांचं कोण आहे?" असं तो म्हणे. त्यावर बायको यमुना हसून म्हणे, "तुम्ही आहात की. घरात पीठ आहे का ते विचारू नका, टांकसाळींची विचारपूस करा."

अशा अकरा टांकसाळींची नाणी शेठने मिळवली होती. बारावं मात्र काही केल्या मिळेना. डोंगरातल्या दांडेवाडीत फार पूर्वी एका सरदाराने हौसेने टांकसाळ घातली होती. चार महिन्यांत तांबं संपलं आणि सरदाराची हौसही फिटली. तिथली नाणी लोकांनी वितळवून भांडी केली. शेठच्याच खापरपणज्याने केली असतील, कोण जाणे! वीस वर्षं शोधूनही त्यातलं एक नाणं हाती लागलं नाही. मग एका उन्हाळ्यात एका धनगराने सांगितलं, "शेठ, दांडेवाडीतच एक आहे अजून." शेठने त्याच दिवशी घोड्यावर तांब्याचा एक नवा हंडा बांधला आणि वाट धरली.

नाणं हौसाबाईच्या घरी होतं, तेही पडवीतल्या रिकाम्या पाळण्याला बांधलेलं. वाडीची रीतच तशी होती. मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी हे नाणं त्याच्या पाळण्याला बांधायचं. पुढचं मूल होईपर्यंत ते त्याच घरी राहायचं. मग त्या घरच्या बाईने आपल्या हाताने नेऊन नव्या पाळण्याला बांधायचं. वाडीतल्या चार पिढ्या त्या एका नाण्याखाली झोपून मोठ्या झाल्या होत्या.

"पण शेठ, माझी चंपी सात वर्षांची झाली," हौसाबाई म्हणाली. "तिच्यामागे वाडीत पाळणा हलला नाही. तरणी माणसं पोटासाठी खाली उतरली. आता हे कुणाच्या दारी नेऊ? तुम्ही जिवापाड जपाल. घेऊन जा."

शेठने हंडा तिच्या पडवीत ठेवला आणि नाणं उपरण्याच्या टोकाला बांधलं. वाडी उतरताना त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

खालच्या झऱ्यावर तो घोड्याला पाणी पाजायला थांबला. मागोमाग वाडीतून एक तरुण बाई कळशी भरायला आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दादा, तुम्ही हौसाक्कांकडे आला होतात ना? आज पाळण्याला नाणं दिसलं नाही. कुठे पडलं तर नाही ना?"

"का गं?" शेठने विचारलं.

ती मान खाली घालून म्हणाली, "मला चौथा महिना आहे. घरात सासूलासुद्धा सांगितलेलं नाही. आधीची दोन पोटातच गेली. सांगितलं की सगळे आशेला लागतात आणि मग सगळेच रडत बसतात. तुम्ही परगावचे, म्हणून बोलले. रोज त्या दारावरून जाते. नाणं दिसलं की जरा धीर येतो."

"कुठे जातंय? असेल तिथेच," एवढंच शेठ बोलला. कळशी घेऊन ती वर गेली.

आता शेठला चोर कोण म्हणणार होतं? नाणं राजीखुशीने मिळालं होतं. वीस वर्षं ज्याच्यासाठी वणवण केली, ते उपरण्यात होतं. तो घोडा घेऊन थोडा पुढे गेला आणि तिथेच थबकला. डबीतल्या अकरा नाण्यांना कुणी नव्हतं, म्हणून तो त्यांचा झाला होता. या नाण्याला माणसं होती. शेठने घोडा वळवला.

"काय झालं, शेठ? खोटं निघालं का?" हौसाबाईने विचारलं.

"नाणं अस्सल आहे. जिथून सोडलंत तिथे परत बांधा."

"अहो, पण कुणासाठी?"

ओठांवर आलेलं उत्तर शेठने गिळलं. "ते मला विचारू नका. येताजाता दिसेल असं बांधा, म्हणजे झालं. आणि हंडा राहू द्या, पाणी तापवायला होईल."

घरी आल्यावर यमुनेने विचारलं, "मिळालं नाही?"

"मिळालं होतं," शेठ म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. केलं ते योग्यच केलं, हे त्याला कळत होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. त्या दिवशी तो धड जेवला नाही.

दिवाळी झाली आणि एका सकाळी हौसाबाई पेठेत शेठच्या दुकानात आली. तिने पळसाच्या पानात बांधलेल्या घुगऱ्या पुढे ठेवल्या. "मुलगी झाली. काल बारसं केलं. नाणं माझ्या हाताने नेऊन बांधलं." मग शेठकडे निरखून बघत ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं होय?"

 शेठने चार घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि आतून आलेल्या यमुनेपुढे बाकीच्या धरताना त्याचे डोळे भरून आले.

तात्पर्य: ज्याला कुणी नाही ते आपण जपावं, पण ज्याच्यावर कुणाचा जीव आहे, ते त्यांच्यापाशीच राहू देणं हीसुद्धा जपणूकच आहे.