चंद्रीकडचा बघण्याचा कार्यक्रम

माणसांच्या चालीरीती जनावरांनीही उचलल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. चंद्री शेळीला घराच्या राखणीसाठी कुत्रा हवा होता, म्हणून तिनं रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठेवला.

आधी आला लांब पायांचा शिकारी कुत्रा. "जरा पळून दाखवा," चंद्री म्हणाली. तो असा सुसाट सुटला की तिची दोन्ही करडं घाबरून गव्हाणीत लपली. मग डोंगराकडचा केसाळ कुत्रा आला. दिसायला राजबिंडा, पण उन्हानं त्याला एवढी धाप लागली की चंद्रीलाच कानांनी वारा घालावा लागला. नवरा म्हणाला, "पहिला घे." सासू म्हणाली, "दुसऱ्याचं कूळ चांगलं." चंद्रीचं डोकं पार भंजाळलं.

शेवटी ठिपक्यांचा एक गावठी कुत्रा आला. "तुम्हीही पळून दाखवा," चंद्री थकून म्हणाली.

"दाखवतो की. पण ताई, आधी मला घर बघू द्या," असं म्हणून तो गोठाभर फिरला. "जागा बरी आहे. पण तुम्ही सगळे दिवसभर चरायला जाता ना? मग माझ्याजवळ घरी कोण असणार?"

चंद्रीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं आईकडे बघितलं. सासूनं चाऱ्यात तोंड खुपसलं.

"घाई नाही," कुत्रा म्हणाला. "ठरलं की कळवा. मला आज अजून दोन घरं बघायची आहेत."