रांजणाचा पेंढा

फार जुन्या काळी कुंभाराच्या गाडीतून मडकी बाजाराला निघाली होती. अंगाला टोचतो म्हणून ती भोवतीचा पेंढा मागच्या गाडीच्या बैलांना खाऊ देत होती.

म्हातारा रांजण धास्तावला. "पोरांनो, पेंढा राहू द्या! आपण सगळे धावतोय. गाडी थांबली, तरी आपण थांबणार नाही."

"धावतोय? आजोबा, मी सकाळपासून तुमच्याच शेजारी बसलेय की!" घागर म्हणाली. सगळी खदखदून हसली.

खरंच, कोणीही जागचं हललेलं दिसत नव्हतं. आपलंच चुकत असेल, असं वाटून रांजण गप्प बसला.

उतारावर बैल एकाएकी थबकले. मडकी तशीच पुढे गेली, एकमेकांवर आदळली आणि फुटली.

"आजोबा, तुम्ही कसे वाचलात?" घागरीच्या खापरीने विचारलं.

रांजणाने आपल्या अंगाभोवतीच्या पेंढ्याकडे पाहिलं. गप्प बसतानाही त्याने स्वतःचा पेंढा मात्र सोडला नव्हता.