पंगतीतली शेवटची दोन पानं

"...मग फोडायची की नियमांनी बांधायची, एवढंच सांगा, बाबा!"

मठाच्या ओसरीवर टेकण्याआधीच जयसिंगनं प्रश्न टाकला. सदाशिवबाबांच्या हाताखाली तो लहानाचा मोठा झाला होता. आता दिल्लीच्या समितीवरचा बडा साहेब.

"कुणाला रे?"

"एका कंपनीला. मोबाइलवरचा बाजार तिचा, आणि त्याच बाजारात दुकानही तिचंच. आपला माल वर, बाकीच्यांचा तळाला. किती छोट्या दुकानदारांचा धंदा बसला! तिघं म्हणतात तुकडे करा, तिघं म्हणतात नियम लावा. परवा माझ्या सहीवर सगळं ठरणार... झोप उडालीय."

बाबा हसले.

"भंडाऱ्याची पंगत बसलीय. आधी खीर वाढ."

साहेब असला तरी बाबांचा शब्द मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. बाह्या सरसावून त्यानं बादली उचलली आणि मोठ्या ऐटीत वाढत निघाला. वाढपी ओळखीचा असला की कुठंही बसावं म्हणतात. इथं तर वाढप्यानंच जाता जाता दोन द्रोण काठोकाठ भरले आणि खांबाआड झाकून ठेवले.

शेवटच्या दोन पानांपाशी पळी तळाला खरखरली.

"ऱ्हाऊ दे रं लेकरा," पानावरची गोदाक्का म्हणाली. "वास आला, पावलं."

तिचा म्हातारा मान खाली घालून नुसता भात कालवत होता. जयसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा उठले. खांबाआडचे द्रोण आणून त्यांनी त्या दोघांच्या पानांवर ठेवले.

"त्यातला एक तुमचा होता, बाबा..." जयसिंग म्हणाला. "एक माझा. चौदा वर्षांनी तुमच्या शेजारी जेवणार होतो."

बाबांनी त्याचं खिरीनं चिकट झालेलं मनगट हातात घेतलं.

"ठाऊक आहे. चोरी असती तर तुझी तुलाच कळली असती. माया होती, म्हणून कळलं नाही."

...

"आणि माझा प्रश्न?"

दुसरी पंगत बसत होती. आचाऱ्यानं भरलेली बादली आणून त्याच्या पायाशी ठेवली. बाबा आपल्या पानावर जाऊन बसले. शेजारचं पान रिकामं होतं.

जयसिंग एकदा बादलीकडे बघे, एकदा पानाकडे.

"बादली घे," बाबा मायेनं म्हणाले, "नाहीतर पानावर बस."