घरच्या वैद्याचा काटा

त्या राज्यात सशांच्या बिळांना दारे नव्हती, आणि प्रत्येक बिळाचा एक घरचा वैद्य असे. वैद्य साळिंदरच असत.

साळिंदराचा बारीक काटा सशिणीच्या कातडीखाली बसवला की पाच वसंत तिला पिल्ले होत नसत. काढला की पुन्हा होत. पण तो बसवण्याची परवानगी फक्त नदीपलीकडच्या राजवैद्याला होती. नदी ओलांडू शकणाऱ्या सशिणी फार थोड्या होत्या.

रुई नावाच्या सशिणीची सहा वेते झाली होती. सहाव्यानंतर ती तीन दिवस गार पडून होती. तेव्हाच त्यांच्या बिळाचा म्हातारा वैद्य म्हणाला होता, "सातव्यातून ही उठायची नाही." सासूने मान हलवली आणि पिल्ले चाटायला घेतली.

त्या वर्षी राजसभेने ठरवले, काटा आता घरच्या वैद्यांनीच बसवावा. सगळ्या साळिंदरांना ती विद्या शिकवली गेली.

दुसऱ्या दिवशी रुई एकटीच वैद्याकडे गेली. चाळीस पावलेच चालावे लागले.

"वैद्यकाका, काटा हवाय."

"अगं, पहिला तुझ्यासाठीच निवडलाय." त्याने तो दाखवला. काळापांढरा, गुळगुळीत. "सासूबाईंना विचारलंस ना?"

रुईने काट्याकडे पंजा पुढे केला.

"मग मी विचारतो. तुझ्या नवऱ्याची नाळ मी कापली. तुमच्या घरापासून काही लपवायला मी काय परका आहे?"

"नदीपलीकडचे विचारत नाहीत म्हणे."

"तेच सांगतोय, पोरी. ते परके."

तो मायेने तिला घरी सोडायला आला. सासूने त्याच्यापुढे कोवळे गाजर ठेवले. "एवढं एक वेत होऊ द्या, वैद्यबुवा. मग दोन घाला की." सगळे हसले. वैद्यही हसला, आणि काटा सासूकडेच ठेवून गेला.

सातव्या वेताला पाच पिल्ले झाली. चार जगली. रुईला बिळामागे पुरले. त्याच आठवड्यात दवंडी पिटली गेली, काटा आता घरोघर पोचला आहे.

वसंतात रुईच्या नवऱ्याला नवी बायको आली. तिला लगेच दिवस गेले. रीतीप्रमाणे साळिंदराच्या काट्याने तिचा भांग पाडायचा होता. सासूने जपून ठेवलेला काटा काढला आणि हलक्या हाताने फिरवू लागली.

"टोचतंय," मान खाली घालून सून म्हणाली.

"वरच्या वर फिरवतेय गं," सासू म्हणाली. "आत नाही जाऊ देत."