उपरण्याखालचा हात

हा प्रसंग गेल्या माघात, जयसिंगपूर येथे, कपिल मगदूम यांनी स्वतः सांगितला. घर घेणाऱ्याच्या बाजूने एजंट म्हणून ते काम करतात. प्रसंग त्यांच्या उमेदवारीतला. गुरू होते बाळगोंडा अण्णा, ज्यांचा शब्द त्या भागात कागदाइतकाच चाले.

“...पण ते नातं टिकतं तरी कुठवर, अण्णा?”

“कुणाचं? तुझं नि बायकोचं?”

“गिऱ्हाइकाचं! खरेदीखत झालं की संपलं. करारात तसंच लिहिलंय. एजंटच्या परीक्षेत पहिला आलोय मी.”

“मग बरोबरच असंल. संपलं.”

कपिलला हायसे वाटले. त्याने सारे सांगितले. रोहिणीबाई घोडके या निवृत्त परिचारिकेला त्यानेच घर मिळवून दिले होते. शोध चालू असताना त्या विश्वासाने बोलून गेल्या होत्या, “लेकीला मूल झालं की मी तिकडंच जाणार. मग येईल त्या भावात विकीन.” आता त्यांना नात झाली होती, आणि एक डॉक्टर तेच घर मागत होते. बाई कितपत खाली येतील, एवढेच डॉक्टरांना कपिलकडून जाणून घ्यायचे होते.

“नातं संपलंय. मग सांगायला हरकत काय?”



पूर्वी अण्णा बैलबाजारात दलाली करत. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हातात हात देऊन, बोटे दाबून आकडा सांगतात. अण्णांनी खांद्यावरचे उपरणे कपिलच्या हातावर टाकले आणि खाली आपला हात सरकवला.

“आता तू माझा माणूस. माझा मळा कमीत कमी कितीला सोडीन, ते सांगतो.”

बोटे दाबली. उपरणे ओढून घेतले.

“झालं. आता तू माझा कुणी नाहीस. जा, पेठेत ओरडून सांग.”

“असं कसं सांगू, अण्णा?”

“का रं? उपरणं निघालं की.”

कपिल आपल्या हाताकडे पाहत राहिला... मूठ आपोआप मिटली होती.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरच होते.

अण्णा हसले.

“घे की... हात मोकळा असला तर.”

अण्णा आता हयात नाहीत, मळाही केव्हाच विकला गेला. त्यांनी किती बोटे दाबली होती, याची खातरजमा मात्र होऊ शकली नाही. पुनःपुन्हा विचारूनही कपिल मगदूम यांनी ते सांगितले नाही.